पाण्याला लावलेलं दळण

'आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय' या म्हणीत तक्रार आहे. कारभाराला वाली उरलेला नाही, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, अशी ती तक्रार. पण गढवालच्या डोंगरात नेमकी हीच परिस्थिती पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदते आहे. तिथे दळतं ते आंधळंच असतं, म्हणजे पाणी. त्याला गहू दिसत नाही, मंडुवा म्हणजे नाचणी दिसत नाही, कोणाची पाळी आहे तेही दिसत नाही. कुत्रंही असतं. ते दारासमोरच्या दगडावर ऊन खात पडलेलं असतं आणि पिठाच्या बाबतीत पूर्ण विरक्त असतं. लहानपणी केव्हातरी चव घेऊन पाहिली असावी. उरला माणूस. तो बसलेला असतो.

घराट म्हणजे तिकडची पाणचक्की. मला हे यंत्र आवडतं ते मुख्यतः या बसण्यामुळे. आपल्याकडे यंत्राजवळचा माणूस सहसा यंत्रापेक्षा जास्त घामाघूम दिसतो. आमच्या कोपऱ्यावरचा गिरणीवाला भुवयांपर्यंत पांढरा झालेला असतो, एका हाताने पट्टा सारखा करतो, दुसऱ्याने डबा आपटतो, आणि 'ज्वारीवर गहू टाकू नका हो' असं ओरडणाऱ्या काकूंना मानेने होकार देतो. घराटवाला मात्र बिडी ओढतो. पाऊस पडला तर पाणी वाढलं म्हणून, नाही पडला तर पाणी कमी झालं म्हणून, जेवढं उठावं लागतं तेवढा उठतो.

उत्तरकाशीच्या वरच्या अंगाला, भागीरथीला मिळणाऱ्या एका गधेऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, मी जे घराट पाहिलं, ते लांबून इमारत वाटतच नाही. चुना-माती न लावता एकावर एक रचलेले दगड, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, आणि दार इतकं बुटकं की आत जाणाऱ्याला नमस्कार करूनच जावं लागतं. पण हिशेबाने पाहिलं तर ती दुमजली वास्तू आहे. वरच्या मजल्यावर दळण राहतं, खालच्या मजल्यावर पाणी. खालच्या मजल्याला दार नाही, जिना नाही, भिंतीही अर्ध्याच. चाकात काटकी अडकली की घराटवाला बाहेरून वळसा घालून, धोतराचा सोगा कमरेला खोचून तिथे उतरतो. एरवी तिथे कोणाला प्रवेश नाही.

आणि पाणी तिथे कसं येतं, हे पाहण्यासारखं आहे. ओढ्याच्या वरच्या बाजूला चार दगड टाकून थोडंसं पाणी बाजूला काढतात आणि डोंगराच्या कडेकडेने एका चरातून आणतात. या चराला तिकडे गूल म्हणतात. गुलेला उतार इतका मामुली असतो की आपल्याला कामावर नेत आहेत याचा पाण्याला पत्ताच लागत नाही. ते रमतगमत, गवताच्या काड्या वाहत येतं. मूळ ओढा मात्र तोवर धडाधडा खाली उतरलेला असतो, आणि दोघांच्या पातळीत दोन-तीन पुरुषांचं अंतर पडलेलं असतं. हे अंतर हीच घराटाची सगळी भांडवली गुंतवणूक. घराटाशी पोचल्यावर गूल संपते आणि पाणी एका तीव्र उताराच्या पन्हळीत पडतं. ही पन्हळ म्हणजे पोखरलेला अख्खा ओंडका, वर रुंद आणि खाली अरुंद. त्या अरुंद तोंडातून जी धार सुटते तिच्यात मघाचा रमतगमतपणा औषधालाही राहिलेला नसतो.

धार आदळते ती आडव्या चाकावर. सिनेमात आणि बिस्किटांच्या डब्यांवर आपण जे भलंमोठं उभं चाक पाहतो, ते इथे नाही. इथलं चाक जमिनीला समांतर पडलेलं असतं. एक जाड लाकडी तुंबा, त्याच्या भोवती तिरकी बसवलेली लाकडाची पाती, आणि तुंब्याच्या मधून सरळ वर गेलेला कणा. कण्याचं खालचं टोक एका दगडाच्या खळग्यात टेकलेलं, वरचा लोखंडी दांडा खालच्या पाळीच्या भोकातून वर येऊन वरच्या पाळीला धरणारा. आपल्या जात्यात वरच्या पाळीच्या तोंडात बसवलेली माकडी असते, तशीच इथे लोखंडी पट्टी. संपलं यंत्र. पट्टा नाही, दातेरी चाक नाही. चाकाचा एक फेरा झाला की दगडाचा एक फेरा होतो. मध्ये दलाल नाही. ताकद म्हणाल तर जेमतेम अश्वशक्तीभर, आणि दळण तासाला दहा-पंधरा किलो. घाई असलेल्या माणसाने इकडे येऊ नये.

या सगळ्यात अक्कल कुठे आहे, असं कोणी विचारलं तर मी एका काठीकडे बोट दाखवीन. छपराला दोरीने टांगलेली रिंगाळाची, म्हणजे बारीक बांबूची टोपली असते, वर रुंद आणि खाली निमुळती. तिच्यात धान्य. टोपलीच्या तोंडाशी एक लहान लाकडी पन्हळी, जिच्यातून दाणे जात्याच्या तोंडात पडतात. या पन्हळीला एक काठी बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक फिरत्या दगडाच्या पाठीवर नुसतं टेकवलेलं असतं. दगड खडबडीत असतो. तो फिरला की काठी टकटक नाचते, काठी नाचली की पन्हळी हालते, आणि पन्हळी हालली की चार दाणे पडतात. पाणी वाढलं, दगड जोरात फिरला, तर काठी जास्त नाचते आणि जास्त दाणे पडतात. पाणी ओसरलं तर तीच काठी हात आखडता घेते. दगड थांबला तर एकही दाणा पडत नाही. म्हणजे वैरण किती घालायची हे दगड स्वतःच ठरवतो. म्हाताऱ्या घराटवाल्याने तिला 'चिडिया' म्हटलं, आणि ज्या कौतुकाने म्हटलं त्यावरून घरातलं सगळ्यात कर्तबगार माणूस तेच असावं अशी माझी समजूत झाली.

मी त्याला विचारलं, "बाबाजी, रात को भी चलता है?"

"चलता है।"

"और आप?"

"सोते हैं।"

"फिर अनाज ख़तम हो गया, ये पता कैसे चलता है?"

"आवाज़ बदल जाती है। नींद खुल जाती है।"

हे मला लगेच पटलं. उन्हाळ्यात रात्री वीज गेली की पंखा बंद पडल्याच्या शांततेनेच आपल्याला जाग येते, तसलाच हा प्रकार. पण यात नुसती झोपमोड नाही. धान्य संपल्यावर दगडावर दगड घासू लागला तर दोन्ही पाळ्यांची टाकी झिजते, ठिणग्या उडतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठात खर येते. घराटवाल्याचं खरं कौशल्य कानात आहे. दुसरं कौशल्य जमिनीतून वर आलेल्या एका दांड्यात. तो दांडा खालच्या आडव्या तुळईला जोडलेला असतो, आणि त्या तुळईवरच कणा उभा असतो. दांडा पाचर मारून अंमळ उचलला की तुळई, कणा आणि वरचा दगड, सगळी वरात केसभर वर जाते आणि पीठ जाडसर होतं. खाली सोडला की बारीक. म्हणजे 'बारीक हवं की रवाळ?' हा प्रश्न आमच्या कोपऱ्यावर विचारतात तसा तिथेही विचारतात. फक्त उत्तर द्यायला बाई उभी असली पाहिजे. पुरुषाला विचारलं तर तो आधी घराकडे पाहतो.

इंग्रजांनी मात्र कानावर विश्वास ठेवला नाही. त्यांच्या जुन्या पाणगिरण्यांत धान्याच्या पेटीत एक पट्टा दाण्यांच्या वजनाखाली दाबून ठेवलेला असे. दाणे संपत आले की पट्टा सुटायचा, आणि त्याला बांधलेली घंटा खाली येऊन वाजू लागायची. घंटेने जागा होणारा देश आणि आवाज बदलल्याने जागा होणारा देश असा फरक करून एखादा भारदस्त लेख लिहिता येईल. मी लिहिणार नाही.

तिकडच्या गिरण्यांचं प्रकरणच वेगळं. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने इसवी सनाच्या आधीच्या शतकात उभ्या चाकाची गिरणी वर्णन करून ठेवली आहे. चाक उभं आणि दगड आडवा, त्यामुळे मध्ये दातेरी चाकांची जोडी आली. एकदा दाते आले की हिशेब आला. पाण्याचं चाक संथ फिरलं तरी दगड चौपट वेगाने फिरवता येतो, आणि एका चाकावर दोन-तीन जाती लावता येतात. रोमनांनी दक्षिण फ्रान्समध्ये आर्लजवळ बार्बेगाल इथे डोंगरउतारावर अशी सोळा चाकं दोन रांगांत बसवली. एका चाकावरून पडलेलं पाणी खालच्या चाकाला, तिथून त्याच्या खालच्याला. पाण्याला मध्ये उसंत म्हणून नाही.

पुढे इंग्लंडच्या खेड्यातली गिरणी तीन मजली झाली. पोती सगळ्यात वरच्या मजल्यावर चढवायची, आणि तेही माणसाने नाही, पाण्याच्याच चाकाला जोडलेल्या दोरखंडाने. मधल्या मजल्यावर जाती. तळमजल्यावर पीठ. एकदा धान्य वर गेलं की पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षण बघतं. लोखंडी चाकांत मुद्दाम सफरचंदाच्या किंवा हॉर्नबीमच्या लाकडाचे दाते ठोकून बसवत. लाकूड लोखंडावर कमी खडखडतं, ठिणगी पाडत नाही, आणि काही अडकलं तर यंत्र मोडण्याआधी बिचारा दाताच मोडतो. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे एकमेकांत फिरणाऱ्या दोन चाकांच्या दात्यांची संख्या सरळ पटीत ठेवत नसत. एखादा दाता जास्तीचा घालत, म्हणजे तेच ते दोन दाते पुन्हा पुन्हा समोरासमोर येणार नाहीत आणि सगळ्यांची झीज सारखी होईल. रोज त्याच माणसाशी गाठ पडली की झीज लवकर होते, हे गिरणी बांधणाऱ्या सुतारांना कळलं होतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीला अजून कळायचं आहे.

जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरने लहान नमुने करून पाण्याच्या चाकांवर प्रयोग केले आणि १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. वरून पडणारं पाणी चाकाला जेवढं काम देतं ते खालून ढकलणाऱ्या पाण्याच्या साधारण दुप्पट असतं, असा त्याचा निष्कर्ष. वरून आलेल्या वजनाचा परिणाम दुप्पट होतो हे कोणत्याही सरकारी कचेरीत प्रयोगाशिवाय ठाऊक असतं, पण स्मीटनला त्याबद्दल त्याच वर्षी कॉप्ली पदक मिळालं.

आता थोडं पिठातल्या काळ्याबद्दल. घराटवाला पैसे घेत नाही असं नाही, पण जुनी रीत म्हणजे पिठातलाच वाटा काढून ठेवायचा. आणि जिथे वाटा काढायचा तिथे संशय आलाच. डबाभर गहू दिले तर डबाभर पीठ का नाही, या प्रश्नावर मराठी घराघरांत जेवढी चर्चा झाली आहे तेवढी पंचवार्षिक योजनांवर झालेली नाही. इंग्लंडात चौदाव्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये ट्रंपिंग्टनच्या एका चोरट्या गिरणीवाल्याची गोष्ट लिहिली. केंब्रिजचे दोन विद्यार्थी दळण घेऊन जातात आणि ठरवतात की या वेळी फसायचं नाही. एक जण धान्य पडतं तिथे उभा राहतो, दुसरा पीठ पडतं तिथे. काकूंची पद्धत, अगदी हुबेहूब. गिरणीवाला शांतपणे बाहेर जातो आणि त्यांचा घोडा सोडून देतो. दोघे विद्वान घोड्यामागे चिखलात धावत असताना तो त्यांचं पीठ सावकाश काढून घेतो. गोष्टीचा उत्तरार्ध घरात मोठ्याने वाचण्यासारखा नाही.

गिरणीवाल्याची चोरी मूठभराची. मोठा मामला जमीनदाराचा आणि मठाचा. १०८६ मध्ये विजेत्या विल्यमने इंग्लंडची खानेसुमारी करून जो 'डूम्सडे' ग्रंथ तयार केला, त्यात साडेपाच हजारांच्या वर गिरण्या नोंदल्या आहेत. नोंदल्या कारण त्यांच्यापासून उत्पन्न होतं. रयतेने धन्याच्याच गिरणीत दळायचं आणि वाटा द्यायचा, असा दंडक. घरी जातं फिरवणं हा जवळजवळ गुन्हा. सेंट ऑल्बन्स या गावच्या लोकांनी तो गुन्हा चालू ठेवला. तेव्हा तिथल्या मठाचा मुख्य, वॉलिंगफर्डचा रिचर्ड, याने १३३१ मध्ये गावातली हातजाती जप्त केली आणि मठाच्या दिवाणखान्यात त्यांची फरशी करून टाकली. हा रिचर्ड सामान्य माणूस नव्हता. मोठा गणिती, खगोलशास्त्रज्ञ, आकाशातल्या ग्रहांची चाल दाखवणारं घड्याळ बांधणारा. दात्यांवर चालणारी यंत्रं त्याला प्रिय. हाताने चालणाऱ्यांशी त्याचं वैर.

पन्नास वर्षं मठाचे पाहुणे गावच्या बायकांच्या जात्यांवरून चालत राहिले. १३८१ मध्ये इंग्लंडभर शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा सेंट ऑल्बन्सचे लोक मठात घुसले. सोनंनाणं राहिलं बाजूला, त्यांनी ती फरशी उखडली, जात्यांचे तुकडे केले आणि चर्चमधला प्रसाद वाटावा तसे आपसांत वाटून घेतले. ज्यांनी ती जाती फिरवली होती त्यातल्या बहुतेक बायका तोवर वारल्या असणार. पण कुठलं जातं कोणाच्या आजीचं, हे गाव विसरलं नव्हतं. ही हकीकत वाचली की पाण्याच्या गिरणीबद्दल गोड गोड लिहिणाऱ्याचा हात जरा थबकतो. माझाही थबकला.

कारण पाण्याने दळायला सुरुवात केल्यावर कोणाला विश्रांती मिळाली, हा प्रश्न उरतोच. थेस्सलोनिकीच्या अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने दोन हजार वर्षांपूर्वी या विषयावर एक छोटी कविता केली. तिचा आशय असा की दळणाऱ्या बायांनो, कोंबडा आरवला तरी खुशाल झोपा, तुमचं काम देवीने आता जलदेवतांकडे सोपवलं आहे. मार्क्सला ही कविता इतकी महत्त्वाची वाटली की त्याने ती 'कॅपिटल'मध्ये घेतली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, यंत्र आल्यावर बायकांना झोपू द्यावं एवढं जुन्या लोकांना सुचलं. नव्या लोकांना जास्त काम करून घ्यावं असं सुचलं.

आपल्याकडे तर जलदेवता आल्याच नाहीत. सह्याद्रीत पाणी कमी पडतं असं कोण म्हणेल? पण ते चार महिन्यांत पडतं आणि उरलेल्या आठ महिन्यांत आपण त्याची आठवण काढतो. काळ्या कातळावरून ओढे जून ते सप्टेंबर असे काही कोसळतात की घराट काय, गावही वाहून जाईल, आणि होळीला पाहावं तर त्याच ओढ्यात गोटे. बर्फ वितळून किंवा झऱ्यावर बारमाही चालणारा हिमालयातला गधेरा आणि आपला ओढा यांच्यात हा फरक आहे. मे महिन्यात बंद पडणारी गिरणी कोण बांधणार? म्हणून महाराष्ट्राचं दळण हातावर राहिलं. पहाटे, कोंबडा आरवायच्या आत. अँटिपेटरचा सल्ला नेमका उलटा करून.

त्या पहाटेतून काय निघालं हे सर्वांना माहीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. मला या आकड्याचा अभिमान वाटतो आणि लगेच थोडी लाजही वाटते, कारण त्या प्रत्येक ओवीमागे किमान एक शेर ज्वारी आहे. ओवी सुंदर आहे हे म्हणायला आपण पुढे. खुंट्याला हात लावायला कोणीही नव्हतं. अपवाद एकच. जनाबाईबरोबर दळायला विठोबा बसला असं आपली परंपरा सांगते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं आजही दाखवतात. ग्रीकांना बायकांच्या मदतीला जलदेवता पाठवाव्याशा वाटल्या. आपल्याकडे देवालाच यावं लागलं, कारण घरातला कोणी पुरुष येण्याची शक्यता त्या काळी देवाच्या येण्याहून कमी होती.

तरी महाराष्ट्रात एक पाणचक्की आहे, आणि ती चांगली नांदली. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्याशेजारी. बुखाऱ्याकडून आलेले नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्या शतकाचा पूर्वार्ध या काळात हा सगळा परिसर उभा राहिला: मशीद, मदरसा, सराई, हौद आणि चक्की. फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांना रोज भाकरी घालायची तर पीठ लागणार, आणि मठात दळायला बायका नाहीत. मराठवाड्यातली बुद्धी अशा वेळी चालली यात नवल नाही. पुरुषांवर दळायची पाळी आली की यंत्राचा शोध लागतोच.

ओढ्याचा भरवसा नाही हे या मंडळींना ठाऊक होतं. त्यांनी ओढा बाजूला ठेवला आणि उत्तरेच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कित्येक किलोमीटर जमिनीखालून, मातीच्या नळांतून आणलं. ही विद्या त्या शहराला नवी नव्हती. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने ते वसवलं तेव्हापासून तिथे नहरी होत्या. बंद नळातून आलेलं पाणी दाबाने एका उंच भिंतीत चढतं आणि वरून हौदात कोसळतं. पाहुणे त्या धबधब्यासमोर फोटो काढतात. काम मात्र बाजूच्या खोलीत चालतं, जिथे तेच पाणी खालच्या आडव्या चाकाला फिरवतं आणि वरचा दगड फिरतो. घराटातलीच रचना, फक्त दरबारी पोशाखात. आणि मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या एका दालनाचं छप्पर आहे. डोक्यावर पाणी, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही आत गारवा. यात्रेकरू तिथे विसावत. पाण्याकडून एका फेरीत दळण, कारंजं आणि एअर कंडिशनिंग अशी तीन कामं करून घेणारी ही माणसं आज असती तर नगरपालिकेने त्यांना तीन वेगवेगळ्या खात्यांत बसवलं असतं.

पुण्यालाही पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणलं. ते हौदांत पडलं. पुणेकरांनी ते प्यायलं आणि त्याच्या चवीबद्दल मतं दिली. दळण घरीच चालू राहिलं.

डिझेलचं इंजिन आलं, मग वीज आली, आणि महाराष्ट्रातली जाती माळ्यावर गेली. त्यात वाईट काही झालं नाही. ज्यांना जात्याची फार ओढ वाटते त्यांनी एक पायली ज्वारी दळून पाहावी आणि मग खांद्याला तेल लावत लेख लिहावा. हिमालयात घराटांना विजेच्या चक्कीने मागे टाकलं, कारण पुरात गूल वाहून गेली तर ती पुन्हा बांधायला गावात तरणी माणसंच उरली नाहीत. डॉ. अनिल जोशी यांच्या 'हेस्को' संस्थेने उत्तराखंडात घराटांची डागडुजी करून, लाकडी पात्यांऐवजी धातूची पाती आणि चांगले बेअरिंग बसवून त्याच पाण्यावर जास्त दळण आणि वर थोडी वीजही काढून दाखवली. जोशींना २००६ मध्ये पद्मश्री मिळाली. इंग्लंडमध्ये मेपलडरहॅमची टेम्सकाठची जुनी गिरणी अजून पीठ दळते. १९७० साली ब्लॅक सबाथ या कर्कश बँडच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर तिचा फोटो आला, म्हणून काळे कपडे घातलेली मंडळीही तिथे भाविकपणे येतात. पिठाकडे त्यांचं लक्ष नसतं.

घराटाचं पीठ थंड असतं, त्यामुळे चवदार आणि पौष्टिक, असं तिकडे सगळे सांगतात. दगड सावकाश फिरतो आणि पीठ तापत नाही, एवढं खरं आहे. पुढच्या पौष्टिकतेत कधीकधी दगडाचाही वाटा असतो, हे दाताला कळतं.

दर वर्षी महाराष्ट्रातून कितीतरी लोक चारधामला जातात. त्यातले पुष्कळ जण सोबत चकल्या, लोणचं आणि मेतकूट नेतात. त्यांना माझी एक विनंती आहे. थोडे गहूही न्या. पाच किलो पुरेत. रस्त्याकडेला एखादं घराट चालू दिसलं तर ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावा, मान वाकवून आत जा, टोपलीत गहू ओता आणि तासभर नुसते बसा. मोबाइलला तिथे रेंज नसते. दळणावळ पिठातूनच काढून द्या, आणि पीठ कमी का भरलं हे विचारू नका.